भामाबाई खुर्चीवरून उठली नाही

भामा बिराजदार ही गरीब बिचारी बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या हैदराबादच्या मराठी मंडळातले लोक आजकाल तिचं नाव निघालं की आवाज बारीक करतात आणि "फार सोसलं हो तिनं" म्हणतात, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. सोसलं कुठलं? तिच्यावर लादलं, आणि लादणारे तुम्हीच. आणि ती सोसत बसली नाही. भांडली. भर मंडळात, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून भांडली.

मी कुसुम. वीज खात्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे, विद्यानगरला एकटी राहते. समोर सगळे कुसुमताई म्हणतात, मागं काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. माझी जीभ तिखट आहे. पण भामापुढं मी म्हणजे साखर.

भामा भालकीकडची. शेतकऱ्याघरची मुलगी, लग्न होऊन हैदराबादला आली. नवरा अफझलगंजला एका छापखान्यात बाइंडिंग करायचा. तो पोटाच्या आजारानं गेला तेव्हा दीर आले आणि म्हणाले, चल गावाकडं, शेतात हात लाव, दोन घास खा. भामा म्हणाली, "दोन घास मी इथंच कमावते. तुमच्या दारात कशाला येऊ?" ह्या बाईला शहराचं वारं लागलं असं दीर अजून सांगत फिरतात म्हणे. लागू दे की! त्याच वाऱ्यावर तिनं लेकीला शिकवलं, तिचं लग्न केलं आणि अंबरपेठेत किराणा दुकानावरच्या खोल्यांत स्वतःची चूल मांडली.

मंडळाच्या स्वयंपाकघरात तिला आणलं एकनाथराव मास्तरांनी. मास्तर शाळेत गणित शिकवायचे आणि जेवणाच्या बाबतीत महा चोखंदळ. कुठल्याशा बारशात त्यांनी भामाच्या हातची येसर आमटी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांचं दार वाजवून म्हणाले, "आपल्याला स्वयंपाकीण मिळाली." केशवराव म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष. सचिवालयातून निवृत्त झालेले, घराण्यात वकील आणि अंमलदार पिढ्यान्‌पिढ्या. मास्तर त्यांचे जिवाचे दोस्त. केशवरावांनी हॉलच्या स्वयंपाकघराची किल्ली भामाच्या हातात दिली, आणि तेव्हापासून तिथं तिचं राज्य. केशवरावांनासुद्धा उंबऱ्याबाहेर चपला काढून "येऊ का?" विचारावं लागायचं.

तिच्या राज्यातला कायदा एकच. नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी काही चाखायचं नाही. म्हणजे मीठ बरोबर आहे का, पुरण शिजलं का, हे जिभेला विचारायचं नाही, नाकाला विचारायचं. भामा झाकण उचलते, वाफ नाकाशी घेते आणि सांगते, "अजून चिमूटभर." कधी चुकली नाही. हाताखालच्या बायकांनाही तिनं तीच सवय लावली. "नाक कशाला दिलंय देवानं? चष्मा अडकवायला?" असं माझ्या चष्म्याकडं बघत म्हणायची.

दोन हजार वीसचा दसरा. टाळेबंदी सुटली होती, लोक सहा-सात महिने घरात बसून वैतागले होते, आणि मंडळाच्या लोकांना दसऱ्याचं जेवण केल्याशिवाय राहवेना. मोजकेच लोक बोलावू, खिडक्या उघड्या ठेवू, असं ठरलं. मीही गेले होते, खोटं कशाला बोलू? खिडक्या उघड्या होत्या आणि सगळे एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसले होते. सोनं वाटलं, गळाभेटी झाल्या. पंधरवड्यात निम्मं मंडळ खोकत होतं. मलाही ताप आला, उतरला. मास्तरांचा मात्र उतरला नाही. दवाखान्यात नेलं ते परत आलेच नाहीत. लीलावहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ते शेवटचे बघायलाही मिळाले नाहीत.

आणि मग सुरू झालं. कोण म्हणालं, कधी म्हणालं, कुणी सांगणार नाही. पण सगळ्यांना एकदम कळलं की रोग भामानं आणला. का? तर ती रोज सकाळी अफझलगंजला सामान आणायला जाते, शेअर ऑटोत बसते, गर्दीत फिरते. तुमच्याच जेवणाचा तांदूळ आणायला जात होती ना? तुम्ही जाणार होता का पोतं उचलायला? पण हे विचारायचं कुणाला, तोंडावर कुणी बोलतच नव्हतं. फक्त फोन बंद झाले. दिवाळीचा फराळ दुसरीकडून आला. संक्रांतीचे तिळगूळ दुसरीकडून आले. एक दिवस केशवरावांनी माणूस पाठवला, किल्ली मागवली आणि निरोप दिला, "थोडे दिवस थांबा, वातावरण निवळू द्या."

भामानं किल्ली दिली. त्या माणसाला म्हणाली, "साहेबांना सांग, वातावरण मी बिघडवलं नव्हतं." मग माझ्याकडं आली, माझ्या ओट्याशी उभी राहिली आणि रडली. मास्तरांसाठी रडली. टाळेबंदीत रोज त्यांचा डबा तिच्याकडून जायचा, आणि डब्यासोबत मास्तरांची चिठ्ठी परत यायची, आज भाजीत काय कमी होतं त्याची. "आता मला कोण चुका काढून दाखवणार, ताई?" म्हणाली. मीही रडले. मग दोघींनी मिळून अख्ख्या मंडळाला यथेच्छ शिव्या घातल्या.

त्याच थंडीत शहरात सर्व्हे निघाला. रक्त तपासायचा. एकदा हा रोग अंगात येऊन गेला की रक्तात त्याची खूण राहते, अँटीबॉडी म्हणतात तिला. ती खूण किती लोकांत सापडते ते बघायचं, म्हणजे शहरात रोग खरंच किती पसरला ते कळतं. दवाखान्यात जे गेले त्यांचीच मोजणी झाली होती, जे घरात काढा पिऊन बरे झाले किंवा ज्यांना कळलंच नाही त्यांची कोण करणार? म्हणून घरं चिठ्ठ्या टाकून निवडली होती, आणि भामाच्या गल्लीतली काही घरं निघाली. तिचंही निघालं.

मी त्या दिवशी तिच्याकडंच होते. सर्व्हेवाल्यांत प्राजक्ता नावाची डॉक्टर पोरगी होती. ती सकाळपासून जिना चढ-उतर करत होती आणि गल्लीत दारं पटापट बंद होत होती. पॉझिटिव्ह निघालं की उचलून नेतात, घराला पट्ट्या लावतात, अशी भीती. शेजारचे युसूफभाई शिंपी दाराआडून म्हणत होते, "हमारेकू नक्को जी, बाजूवाले का ले लेव." खालची तेलुगू म्हातारी तर देवासमोर जाऊन बसली होती. प्राजक्ता रडकुंडीला आलेली.

भामानं विचारलं, "त्यांचं राहू दे, दुसऱ्यांचं घेतलं तर चालत नाही का?"

"नाही ना मावशी. जे आपणहून हात पुढं करतात त्यांचंच घेतलं तर शहराचं चित्र चुकीचं येतं. घाबरणारे, दार लावणारे, तेही शहरातच राहतात ना."

"ह्यातून कुणी कुणाला दिला ते कळतं?"

मी भामाकडं बघितलं. तिनं अगदी सहज विचारलं होतं, पण पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

"छे," प्राजक्ता म्हणाली. "कुणाला होऊन गेला असावा, एवढंच. आधी कुणाला, नंतर कुणाला, कुणाकडून, काही कळत नाही. एकेकाचं तर कधीकधी चुकतंसुद्धा, खूण उतरून जाते. पण हजारोंचं एकत्र केलं की शहराचं बरोबर कळतं."

"म्हणजे हा गावाचा हिशेब. माणसाचा नाही."

"हौ मावशी, तसंच."

झालं! भामा उठली, जिन्यात गेली आणि तिथून जो आवाज लावला! "युसूफभाई, क्या डरते जी इत्ती सी सुई कू? जिंदगीभर सुई चलाए तुम!" मग खाली वाकून म्हातारीला, "एमी कादु अम्मा, काही होत नाही, मी येते, तुमचा हात धरते." सगळ्यांत आधी तिनं स्वतःचा हात पुढं केला, दार सताड उघडं ठेवून, गल्लीला दिसेल असा. युसूफभाई हसत हसत आले. म्हातारीचा हात भामानं खरंच धरला, आणि वर तिला उपमा खाऊ घातला. दुपारपर्यंत निवडलेली सगळी घरं झाली. निघताना प्राजक्ता भामाच्या पाया पडायला लागली तर ही म्हणाली, "ऊठ ऊठ, नाटकं नको. जेवून जा."

आता हे लक्षात ठेवा, की ज्या बाईनं अख्खी गल्ली सुईपुढं उभी केली, ती सुईला भिणारी नव्हती.

काही दिवसांनी तिच्या फोनवर निकाल आला. तिला इंग्रजी वाचता येत नाही म्हणून ती तडक माझ्याकडं आली. मी वाचलं. परत वाचलं. निगेटिव्ह. भामाच्या रक्तात खूण नव्हती. बहुतेक तिला तो रोग झालाच नव्हता. निम्मं मंडळ खोकत होतं, आणि जिच्या नावानं बोंब मारली ती धडधाकट!

मी तर नाचायचीच बाकी होते. "चल," म्हटलं, "आत्ताच्या आत्ता केशवरावांकडं. त्यांच्या नाकासमोर धरते हा फोन. किल्ली कशी देत नाहीत बघते!"

भामा बसूनच राहिली. तिचा चेहरा आनंदाचा नव्हता.

"ताई, मग ते विचारतील, भामानं नाही तर कुणी?"

"विचारू देत ना!"

"दसऱ्याची खीर लागली होती, आठवतंय?"

आठवत होतं. शेवयांची खीर तळाला करपली होती, हॉलभर वास सुटला होता, मास्तरांनी हॉलमधूनच ओरडून विचारलं होतं, भामा, आज काय जाळलंस? भामाच्या हातून असं कधी होत नाही म्हणून सगळ्यांना नवल वाटलं होतं.

"मी नव्हते खिरीपाशी," भामा म्हणाली. "प्रणिता होती. मीच तिला ढवळायला बसवलं होतं." प्रणिता म्हणजे मास्तरांची नात, कॉलेजात शिकणारी, पुण्याहून दसऱ्यासाठी आलेली. "मी पुऱ्यांवरनं धावत आले तर धूर निघतोय आणि पोरगी गाणं गुणगुणत ढवळतेय. वाकून, तोंड पातेल्यात. मी म्हटलं, अगं करपलं! तर ती म्हणाली, कुठं मावशी? ताई, तिला वासच नव्हता. मला वाटलं सर्दी असेल. नंतर टीव्हीवर ऐकलं, वास जातो म्हणून, तेव्हा ती खीर आठवली."

प्रणिता आजोबांच्या गळ्यात पडायची. त्या दिवशी पंगतीत मास्तरांच्या शेजारीच बसली होती.

"म्हणजे तुला तेव्हापासून ठाऊक होतं? आणि तू लोकांचं ऐकून घेतलंस?"

"ठाऊक काय होतं? तिला वास नव्हता एवढंच ठाऊक होतं. तिला कुणी दिला? गाडीत कुणी दिला? त्या हॉलात आणखी कितीजण रोग घेऊन बसले होते कुणास ठाऊक. ती डॉक्टरीण म्हणाली ना, कळत नाही म्हणून. मग जे कळत नाही ते मी एका पोरीच्या डोक्यावर घालू?" आणि मग एकदम उसळून म्हणाली, "पण मी ऐकून घेतलेलं नाही हां, ताई. एक शब्दही विसरलेले नाही."

आता केशवरावांचं ऐका. शहराच्या सर्व्हेची बातमी पेपरात आली, निम्म्याहून जास्त लोकांच्या रक्तात खूण सापडली आणि त्यातल्या बहुतेकांना आपल्याला काही झाल्याचा पत्ताच नव्हता. शहाण्या माणसानं ह्यातून काय घ्यावं? की रोग चहूकडं होता, कुणाच्याही बोटाला धरून आला असेल. केशवरावांनी काय घेतलं? की रक्तातून शोध लागतो. अहो, हा माणूस आयुष्यभर चौकशी समित्यांवर बसला. मंडळाचा पंखा चोरीला गेला तर तीन बैठका आणि अहवाल. त्यांच्या घराण्यात दुःखसुद्धा तसंच सोडून देत नाहीत, त्याची आधी चौकशी करतात. दोस्त गेला, आणि त्यांना त्याचा कुणीतरी जबाबदार हवा होता. त्यांचं दुःख खोटं नव्हतं, हे मी मान्य करते. पण डोकं फिरलं होतं.

त्यांनी खासगी लॅबचा माणूस ठरवला आणि मंडळाच्या ग्रुपवर संदेश टाकला. दसऱ्याच्या जेवणाला हजर असलेल्या सर्वांनी रविवारी सकाळी हॉलवर यावं, रक्त द्यावं, 'सत्य समोर यावं'. ज्याच्या रक्तात अँटीबॉडी सर्वांत जास्त, त्याला रोग सर्वांत आधी, असा त्यांनी स्वतःच शोध लावला होता. मी फोन करून सांगितलं, अहो असं नसतं. तर म्हणाले, "कुसुमताई, तुमचं खातं विजेचं. हा विषय पुराव्याचा आहे." मी फोन आपटला.

रविवारी सगळे आले. नाही आलं तर संशय आपल्यावर, म्हणून आले. हॉलच्या मधोमध एक खुर्ची, शेजारी टेबल, लॅबचा माणूस हातमोजे चढवून तयार. भिंतीला मास्तरांचा फोटो, त्याला हार. पुढच्या रांगेत लीलावहिनी, आणि त्यांच्या शेजारी प्रणिता. कॉलेज ऑनलाइन होतं, पोरगी आजीजवळच राहिली होती. वाळून काडी झालेली, नजर खाली. दर थोड्या वेळानं ओढणीनं तळवे पुसत होती.

भामा आली ती नारायणपेठी नेसून, अंबाडा घट्ट बांधून. सणाला येते तशी. केशवरावांनी पहिलं नाव तिचंच पुकारलं. ती खुर्चीत बसली, लॅबच्या माणसानं रबरी पट्टा उचलला, आणि भामानं हात पदराखाली घेतला.

"मी देणार नाही."

हॉलमध्ये कुजबुज झाली. केशवराव शांतपणे म्हणाले, "भामाबाई, म्हणजे तुम्हाला भीती आहे."

"भीती? अंबरपेठेत विचारा जाऊन. शहराच्या सर्व्हेला दिलंय मी रक्त, दार उघडं ठेवून."

"मग निकाल काय आला?"

"आलाय. माझ्या फोनात आहे. सांगणार नाही."

माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. देवाशप्पथ सांगते, ओठ चावून चावून मी ते आत ठेवलं. भामानं एकदा माझ्याकडं असं बघितलं की माझी बोलायची हिंमत झाली नाही.

"का नाही सांगणार?"

"कारण वाईट आला असेल तर तुम्ही मला धरणार, आणि चांगला आला असेल तर मला सोडून दुसऱ्याला धरणार. दोन्ही मला मंजूर नाही." आवाज चढत चालला होता. "तुम्ही माझी किल्ली काढून घेतलीत तेव्हा कुठला पुरावा होता? ऑटोत बसते हा पुरावा? आता कागद दाखवून मी चांगली ठरू? आणि कागद उलटा आला असता तर मी मास्तरांची मारेकरी? त्यांना ताप आला तेव्हासुद्धा त्यांचा डबा माझ्या घरून गेला, केशवराव. तुम्ही सगळे खोल्यांत बसला होता."

केशवरावांचा चेहरा लाल झाला. "ठीक आहे. तुम्ही नका देऊ, तशी नोंद होईल. उठा. पुढचं नाव, प्रणिता."

पोरगी उभी राहिली.

भामा उठली नाही.

"भामाबाई, उठा."

"नाही उठत."

"अहो, खुर्ची मोकळी करा!"

"नाही करत. काय करायचं ते करा." तिनं पाय वर घेतले आणि खुर्चीत मांडी घातली. नारायणपेठीच्या काठासकट, घरच्या चौरंगावर बसल्यासारखी. लॅबचा माणूस म्हणाला, दुसरी खुर्ची घेऊ का, तर तिनं टेबलावरची त्याची पेटी उचलून मांडीवर ठेवली आणि वर हात ठेवला. "बैठ बेटा. चाय पी." मला इतकं हसू आलं आणि इतका अभिमान वाटला की मी उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. म्हटलं, "माझंही लिहून घ्या. मीही देणार नाही." मागून आणखी दोघी-तिघी उठल्या, हाताखाली काम करणाऱ्या बायका.

केशवरावांचा आवाज फाटला. अध्यक्षांचा आवाज नव्हता तो. "अरे मग माझा एकनाथ कुणामुळे गेला? सांगा ना मला! कुणामुळे?"

"रोगामुळे गेले," भामा म्हणाली. "रोगानं नेलं त्यांना. माणसानं नाही."

तेवढ्यात प्रणिता बोलली. "मावशी, मला त्या दिवशी..."

"तू गप बैस!" भामा एवढ्या जोरात ओरडली की पोरगी दचकली.

आणि मग लीलावहिनी उठल्या. ह्या बाईनं मास्तर गेल्यापासून चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं. त्या फोटोकडं बघत नव्हत्या, केशवरावांकडंही नाही. भामाकडं बघत होत्या.

"बंद करा भाऊजी हे. पोरीला वास येत नव्हता दसऱ्याच्या दिवशी. मला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं तिनं." केशवरावांनी चष्मा काढला. "मला तेव्हापासून ठाऊक आहे. आणि हे गेल्यावर लोक भामाचं नाव घ्यायला लागले, तेव्हा मी काही बोलले नाही. मला बरं वाटलं. माझी नात सुटली असं वाटलं. तिच्यामुळंच हे गेले की नाही मला माहीत नाही, आणि मला ते जाणूनही घ्यायचं नाही. पण भामाला मी जाऊ दिलं. ते मला माहीत आहे."

प्रणिता हुंदके द्यायला लागली. भामा खुर्चीवरून उतरली, पेटी लॅबच्या माणसाच्या हातात दिली आणि सरळ पोरीकडं गेली. तिला छातीशी धरलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाली, "हिच्याकडं कुणी वाकड्या नजरेनं बघितलं तर माझ्याशी गाठ आहे. त्या दिवशी सगळे आपल्या पायांनी आलात, आपल्या हातांनी गळाभेटी घेतल्यात. मी पण आले, स्वयंपाक मी केला. बोला, कुणाला काय बोलायचंय?"

केशवराव फोटोखालच्या खुर्चीत बसले होते, चष्मा काढून. लीलावहिनी भामाच्या हाताला हात लावायला गेल्या, तर भामानं हात मागं घेतला.

"पोरीला मी सोडलं, वहिनी," ती म्हणाली. "ती लेकरू आहे. तुम्ही लेकरू नाही."

दोन दिवसांनी किल्ली आली. केशवराव स्वतः घेऊन आले, अंबरपेठेचा तो अरुंद जिना चढून, आणि चपला बाहेर काढून "येऊ का?" म्हणाले. भामानं त्यांना पाणी दिलं, किल्ली घेतली. मग उन्हाळ्यात जी लाट आली तिनं सगळ्यांनाच झोडपलं. घरोघरी माणसं पडून, ऑक्सिजनसाठी धावाधाव, आणि भामाच्या स्वयंपाकघरातून दोन वेळा डबे निघत होते. केशवरावांच्या घरीही गेले. ह्या वेळी भामाही आजारी पडली, आठवडाभर अंथरुणात होती, आणि कुणी विचारलं नाही की कुणाकडून आणलास. विचारायची टाप नव्हती.

मास्तरांचं वर्षश्राद्ध आलं. स्वयंपाक कुणी करायचा हे ठरवायला बैठक लागली नाही. भामानं येसर आमटी केली, त्यांच्या आवडीची भरली वांगी केली, आणि शेवयांची खीर केली. खिरीपाशी प्रणिताला बसवलं. मी बघत होते. भामा मधूनमधून जायची, झाकण उचलायची आणि म्हणायची, "घे वास. काय म्हणतेय?" पोरगी डोळे मिटून वाफ घ्यायची आणि सांगायची, "वेलदोडा कमी आहे, मावशी."

पंगत बसली. भामा आमटीचं पातेलं घेऊन वाढत निघाली. केशवरावांना वाढलं, भरपूर वाढलं. मला वाढलं. लीलावहिनींच्या पानाशी आली. वहिनींनी मान वर करून बघितलं, खूप वेळ बघितलं, मी त्यांच्या शेजारीच होते. भामा थांबली. पळी पातेल्यात तशीच धरलेली.

मग तिनं मागं वळून हाक मारली, "प्रणिता, तुझ्या आजीला तू वाढ," आणि पुढच्या पानाकडं गेली.